‘विचारून पाहा’ आणि हमीदभाईंची लाल पेन्सिल

“हमीदभाईंनी आपल्या टंकलेखन संस्थेत बसून ‘विचारून पाहा’ नावाचे एक संकेतस्थळ काढले होते. लोकांनीच लोकांना चांगली माणसे सुचवावीत, ही त्यांची कल्पना काळाच्या पुढची होती. परंतु जव्हार-मोखाड्यासारख्या भागात ती रुजणार कशी? पाच तारे कसे द्यायचे, हेही तिथल्या लोकांना उमगले नाही. अखेरपर्यंत एकही वापरकर्ता मिळाला नाही आणि हमीदभाईंनी खिन्न मनाने ते संकेतस्थळ बंद केले.”

हा उतारा आमच्या वाचनालयाच्या ताज्या स्मरणिकेतील आहे. लेखक विलास. शाळेत तो माझा विद्यार्थी होता आणि शाळेनंतर हमीदभाईंचा. आज तो पुण्यात संगणकाच्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि त्याचा लेख गुळगुळीत कागदावर छापला गेला आहे. एवढ्या दोन कारणांनी जव्हारात तो लेख खरा मानला जाऊ लागला. मी संपादकांना पत्र लिहिले. ‘आपल्या भावनांचा आदर आहे’ असे त्यांचे उत्तर आले. मी भावना कळवल्याच नव्हत्या; मी माहिती कळवली होती. तीच आता इथे मांडतो. उताऱ्यातील पहिली दोन वाक्ये बरोबर आहेत. उरलेली तिन्ही चूक आहेत आणि ज्याला त्यांतले एकही खरे वाटते, त्याने पुढचे वाचल्यावर माझ्या घरी येऊन तसे म्हणावे. मी सकाळी ओसरीवरच असतो.

हमीदभाईंना ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. उंच, सडपातळ माणूस. खळ दिलेला पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेन्सिली, एक काळी आणि एक लाल. जव्हारच्या बाजारपेठेत भावाचे कापडाचे दुकान होते, त्याच्या माडीवर यांची टंकलेखन संस्था. घराण्यात सगळे व्यापारी. हे एकटेच अक्षरांच्या नादाला लागलेले. आमच्या तहसील कचेरीत, मोखाड्याच्या पंचायत समितीत, जिथे म्हणून खटखट आवाज येत असे तिथे यांचा एखादा विद्यार्थी बसलेला असे. साखरशेतच्या नाचणीच्या शेतातून उठून आलेली मुले यांच्या बाकावर बसली आणि कारकून होऊन उठली. हे काम शाळेने जितके केले तितकेच त्या माडीनेही केले, हे मी शाळामास्तर असून लिहितो.

चुकीबद्दल त्यांचे नियम होते. पांढरा द्रव लावून अक्षर झाकणे त्यांच्या माडीवर निषिद्ध होते. पानात एक अक्षर चुकले तर संपूर्ण पान पुन्हा. मुले कुरकुरत. ते म्हणत, “झाकलेली चूक कागदाला जड होते. उजेडात धरून बघ, दिसते.” आणि खरोखरच ते प्रत्येक पान खिडकीच्या उजेडात धरीत. तपासून झाल्यावर शाबासकी देण्याची त्यांना सवय नव्हती, घेण्याची तर नव्हतीच. त्यांचे अक्षरन् अक्षर बिनचूक पान पाहून मी एकदा “वा!” म्हणालो, तर लाल पेन्सिल माझ्यापुढे करून म्हणाले, “गुरुजी, ‘वा’चा मला काय उपयोग? चूक सांगा.”

पुढे टंकयंत्रांचे दिवस सरले. हमीदभाईंनी यंत्रे कापडाने झाकून भिंतीशी लावली आणि मधोमध तीन संगणक मांडले. फोनच्या तारेवरून चालणारे इंटरनेट आणि मधूनमधून जाणारी वीज, अशा त्या काळात जव्हारची तरुण मंडळी तिथे निकाल बघायला, अर्ज भरायला आणि इतर नाना गोष्टींना येऊ लागली. हमीदभाई पाठीमागून फिरत आणि प्रत्येकाला सांगत, “पाठ सरळ. मग काय बघायचे ते बघा.”

आता त्या संकेतस्थळाची खरी सुरुवात. विलासच्या लेखात ‘इंटरनेटच्या नव्या वाऱ्याने भारावून’ असे काहीसे कारण दिले आहे. भारावून जाण्याचा हमीदभाईंचा स्वभाव नव्हता. ‘विचारून पाहा’ची सुरुवात झाली ती त्यांनी स्वतः केलेल्या एका चुकीपासून. ती चूक चार शब्दांची होती. ती त्यांनी मला सांगितली तेव्हा मान खाली नव्हती. म्हणून मीही खाली घालून लिहीत नाही.

भाताची कापणी झाली, दिवाळी आटोपली की आमच्या पाड्यापाड्यांवरची माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. त्यांना न्यायला ट्रक घेऊन येतो तो मुकादम. कुणाच्या ट्रकमध्ये चढायचे, यावर त्या घराचे पुढचे सहा महिने ठरतात. एका वर्षी वांगणीचा काशा नावाचा तरुण दाखल्याचा अर्ज टंकून घ्यायला माडीवर आला. अर्ज होत असताना त्याने एका मुकादमाचे नाव घेतले आणि विचारले, “भाई, ह्यो मानूस कसा?” तो मुकादम हमीदभाईंकडून आपली पत्रे टंकून घेई, वेळेवर येई, नम्रपणे बोले, जिन्यात पान खाऊन थुंकत नसे. हमीदभाईंनी कळफलकावरून मान वर न करता सांगितले, “चांगला माणूस आहे. जा.”

काशा गेला, त्याचा धाकटा भाऊ गेला, दोघांच्या बायका गेल्या. फाल्गुनात होळीच्या आधी त्यांचा बाप वारला. निरोप भट्टीवर पोचला होता. तो मुकादमाने दाबून ठेवला, कारण काम अर्धे होते आणि माणसे सुटली असती तर परतली नसती. आमच्या डोंगरात होळीला जो घरी येत नाही, त्याची जागा त्या रात्री मोकळी ठेवतात आणि त्याच्याविषयी हळू बोलतात. काशाच्या घरी चार जागा मोकळ्या होत्या आणि पाचवी कायमची. ती सगळी वैशाखात परतली. शेवटचे अंतर पायी.

काशाची आई सोनीबाई. ती माडीचा जिना चढून आली तेव्हा मी कोपऱ्यातल्या बाकावर वर्तमानपत्र वाचत होतो. ती भांडायला आली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे उभी राहिली आणि तिने विचारले,

“भाई, तू सांगला ना माझ्या पोराला, चांगला मानूस हाय म्हनून?”

“सांगितलं.”

“कोनाला चांगला?”

हमीदभाई उठून उभे राहिले.  सोनीबाई पदर खोचून जिना उतरली. सगळ्यांना ‘तू’ म्हणणारी बाई. कलेक्टरलाही तिने ‘तू’च म्हटले असते. तिच्या प्रश्नात राग नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. त्या दिवसानंतर हमीदभाईंसमोर कुणी कुणाला चांगला म्हटले की ते विचारीत, “कोणासाठी चांगला?” लोकांना ती त्यांची लकब वाटली. आता तिचा उगम समजला असेल.

पुढचे काही महिने ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश शेजारी ठेवून संगणकासमोर बसत. पाठ सरळ. इतरत्र लोक पुस्तकांना, उपाहारगृहांना तारे देतात आणि आपल्या ओळखीच्यांना सुचवतात, तसे त्यांनी इथल्यासाठी केले. शिंपी, गवंडी, जीपवाले, बँडवाले आणि मुकादम. प्रत्येकाच्या नावापुढे वागणूक, व्यवस्था, वेळ असे रकाने आणि प्रत्येक रकान्यात पाच तारे. पहिले पान उघडले तेव्हा मला म्हणाले, “माझ्या एकट्याच्या शब्दावर पुन्हा कोणी ट्रकमध्ये चढू नये. एवढंच काम आहे याचं. होतंय का ते आता लोकांकडून तपासून घ्यायचं.”

तपासून घेणे म्हणजे काय, हे हमीदभाईंकडून शिकावे. त्यांनी सर्व जुन्या विद्यार्थ्यांना ई-मेल पाठवली: ‘संकेतस्थळ पाहा, वापरा, चूक सांगा.’ गावातल्या शिकलेल्या मंडळींच्या घरी ते स्वतः गेले. छापील पाने आणि सोबत नवी लाल पेन्सिल. निळ्या पेनने माणूस चूक दाखवायला कचरतो, असे त्यांचे म्हणणे. विलासचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. त्यात तीन शब्द होते: ‘छान. रंग बदला.’ ज्याने स्मरणिकेत या संकेतस्थळावर अडीच पाने लिहिली, त्याने ते संकेतस्थळ तयार होत असताना दिलेला अभिप्राय एवढाच, याची वाचकांनी नोंद घ्यावी. हमीदभाईंनी रंग बदललाही होता. “सांगितलं ना त्यानं काहीतरी,” ते म्हणाले.

आणि आता ते तारे, जे म्हणे लोकांना उमगले नाहीत.

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी हमीदभाई पहिल्या जीपने निघत; बहुधा मीही सोबत असे. बगलेत संस्थेची जुनी लाकडी पाटी. तिच्या कोऱ्या बाजूला संकेतस्थळाची छापील पाने टाचण्यांनी लावलेली. जीपथांब्याजवळच्या चहाच्या दुकानाबाहेर ती पाटी टांगून ते स्टुलावर बसत. ज्याला वाचता येत नाही त्याला पान वाचून दाखवत, त्याचे तारे आणि त्याचे म्हणणे वहीत घेत आणि जव्हारला परतून संगणकात भरत. पहिल्याच दिवशी एका जीपवाल्याने हाक मारली,

“काय हमीदभाई, विलेक्शनला उभे ऱ्हायले का?”

“उभा नाही, बसलोय. ये, तारे दे.”

“दिवसाढवळ्या तारे कुठनं आनू? सांजचा येतो.”

सगळा थांबा हसला. हमीदभाईही हसले आणि त्यांनी पेन्सिल पुढे केलेलीच ठेवली. जीपवाला शेवटी आला.

तीन बाजार झाल्यावर बेरीज जुळेना. मोखाड्यातला ज्याच्याशिवाय बायका दुसऱ्या कुणाकडे पोलके शिवायला टाकत नाहीत, तो शिंपी संकेतस्थळावर सर्वांत खाली. ज्याच्याकडे एकदा गेलेली बाई पुन्हा जात नाही, तो सर्वांत वर. पुढच्या बाजारी साखरशेतची एक बाई पाटीसमोर आली तेव्हा हमीदभाईंनी विचारले, “मावशी, तुम्ही या शिंप्याला एकच तारा दिलात. कपडा बिघडवला का त्यानं?”

“बिघडवल कशाला? बेस शिवतो तो.”

“मग एक का?”

“पयला नंबर एकच आसतो ना? पाचवा नंबर कोन घेल?” आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ईच्यार ह्या गुरुजीला.”

काय विचारणार? तीस वर्षे निकालपत्रांवर मीच पहिला क्रमांक, दुसरा क्रमांक लिहीत आलो होतो. त्या बाईने माझीच पद्धत चोख वापरली होती. बायांचे सगळे तारे असे उलटे होते आणि उलटे असूनही प्रामाणिक होते. माडीवर परतल्यावर मी, विलासला आज जे वाटते तेच, म्हणालो, “लोकांना समजावून सांगावं लागेल, हमीदभाई. अडाणी आहेत.”

त्यांनी शिकलेल्या मंडळींची पाने पुढ्यात टाकली. तलाठी, डॉक्टर, दोन मुख्याध्यापक आणि मी. आम्ही सर्वांनी सर्वांना पाच-पाच तारे दिले होते. घाटात भर पावसात मला उतरवून गेलेल्या जीपवाल्याला मी पाच तारे दिले होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याच जीपने जायचे होते, उगाच वाईटपणा कशाला घ्या.

“गुरुजी,” हमीदभाई म्हणाले, “ती उलटी मोजते, पण खरं सांगते. तुम्ही सुलटं मोजता. आता बोला, अडाणी कोण?”

मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. आज देतो: मी. आणि माझ्यासह विलासही, कारण ‘लोकांना उमगले नाही’ हे वाक्य अजून त्याच्या नावावर आहे. चूक लोकांची नव्हती, तारे मोजण्याच्या रीतीची होती. आणि ती उजेडात धरून पाहणारा तो एकच माणूस होता.

पण चूक सापडली म्हणजे दुरुस्ती सापडली असे नाही. ती सापडली सोनीबाईला.

भादव्याच्या अखेरीचा बाजार. मुकादमांचे येणे-जाणे सुरू झाले होते. काशाच्या घरी ट्रक ठरवायची वेळ आली होती. गेल्या वर्षीचाच मुकादम पुन्हा फेऱ्या मारीत होता. या खेपेला नव्या गोड शब्दांसह. सोनीबाई पाटीसमोर उभी राहिली. हमीदभाई तिला पाहून स्टुलावरून उठले. तिने बसायला सांगितले आणि विचारले, “काय वाचतोस लोकांला?”

त्यांनी मुकादमांचे पान वाचले. वागणूक. व्यवस्था. वेळ. राहण्याची सोय. ती ऐकत राहिली, जशी एखादी कीर्तनात चुकून बसलेली बाई ऐकते.

“इतकां कशाला ईच्यारतोस? त्याचा लगीन लावाचा हाय का?”

थांब्यावर हशा पिकला. हमीदभाईंनी वही उघडली. “मग काय विचारू? तू सांग.”

“परत जाशी का त्याच्यासंगं? इतकाच ईच्यार. जो बोलंल जाईन, तो जाईन. जो बोलंल नाय, तो नाय. त्याच्यात सगळा आला.” आणि वहीकडे बोट करून, “आन् कोन बोलला ता लिव. कोन्या गावचा, कोन्या पाड्याचा. धा जनांनी बेस म्हनला, ते धा जन त्याचे मेव्हने आसले तं?”

हमीदभाईंनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या पानावर वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ मारली. चार महिन्यांचे काम होते ते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा बिनचूक पान हाती आलेल्या परीक्षकासारखा होता. पुढच्या बाजारापर्यंत तारे गेले होते. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: ‘पुन्हा जाल का?’ आणि उत्तरापुढे बोलणाऱ्याचे नाव, गाव, पाडा.

आज मोठमोठ्या कंपन्या हाच प्रश्न विचारतात असे ऐकतो. विलासलाही ठाऊक असेल. त्यांनी तो कुठून घेतला मला माहीत नाही. हमीदभाईंनी तो वांगणीच्या सोनीबाईकडून घेतला, आणि तसे पानाच्या तळाशी छापलेही.

एक अडचण होती. नाव छापायचे म्हणजे बोलणाऱ्याला उघडे करायचे. हमीदभाई तिला बाजूला घेऊन म्हणाले, “सोनीबाई, तुझं नाव नको घालायला. मुलं पुन्हा कामाला जायची आहेत. त्या माणसाचे हात लांब आहेत.”

“घाल. मोठां घाल. त्याला बी वाचता येतां ना?”

तिचे उत्तर त्यांनी वहीत जसेच्या तसे उतरवले: ‘एकदा गेली पोरां. आथा नाय जाव. त्यांचा बाप मेला तं सांगला नाय, होळीला आनला नाय.’ संगणकावर ते चढवताना मी शेजारी होतो आणि सवयीने म्हणालो, शुद्ध मराठीत करून घालू या. वाचनीय होईल. ज्या माणसाने आयुष्यात इतरांचे एक वेलांटीचे पाप माफ केले नाही, तो म्हणाला, “गुरुजी, ही चूक नाही. हा तिचा अंगठा आहे. अंगठा कोणी दुरुस्त करतं का?”

छापील पान पाटीवर लागले. लोक थांबून वाचू लागले, वाचता न येणारे वाचून घेऊ लागले. सोनीबाईच्या खाली दुसरे नाव आले, मग तिसरे; आणि साखरशेतच्या एका दुसऱ्या मुकादमापुढे ‘जाऊ’, ‘जाऊ’, ‘जाऊ’ असे लागोपाठ.

इथे चहाच्या दुकानातली एक आवृत्ती आडवी येते. हमीदभाईंचे त्या मुकादमाशी वैर होते, म्हणून त्यांनी हे केले. आणि तो येऊन दम देऊन गेल्यावर घाबरून गप्प बसले. ही आवृत्ती सांगणारे सगळे त्या दिवशी दुकानातच होते. माडीवर मी होतो.

मुकादम आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. नेहमीसारखाच नम्र. “हमीदभाई, तुम्हीच तर माझं नाव सांगितलं होतं लोकांना. चांगला माणूस म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो. म्हणून तर हे काढलं.”

“मग काढून टाका ना ते बाईचं. अडाणी बाई, काही पण बोलते.”

“काढत नाही. तुमची बाजू तिच्याखाली घालतो. बसा. बोला, मी टंकतो. एक अक्षर बदलणार नाही.”

मुकादम बसला. ऐटीत बोलू लागला. ‘मी सर्व कामगारांना आपल्या घरच्यासारखे वागवतो. राहण्याची, पाण्याची सोय...’ हमीदभाईंची बोटे चालत होती. वाक्य संपल्यावर त्यांनी मान वर न करता विचारले, “आणि होळीला का आणलं नाहीत?”

बोटे थांबलेली.  मुकादम माझ्याकडे पाहू लागला, जणू मी पुढचे वाक्य सांगणार. मग तो उठला. जाताना आवाजात नम्रता नव्हती. “महागात पडेल, भाई.”

“जिना अरुंद आहे,” हमीदभाई म्हणाले, “सांभाळून उतरा. आणि पेढे घेऊन जा.”

त्यांनी त्याची दोन वाक्ये जशीच्या तशी सोनीबाईच्या उत्तराखाली छापली आणि तिसऱ्या ओळीत लिहिले: ‘होळीबद्दल विचारले असता उत्तर दिले नाही.’ पुढच्या बाजारी ते पान घेऊन त्याच थांब्यावर, त्याच स्टुलावर ते बसले होते. याला घाबरणे म्हणत असतील, तर मला तसे घाबरता आले असते तर मी घाटातल्या जीपवाल्याला पाच तारे दिले नसते.

राहिले ‘खिन्न मनाने बंद केले.’ संकेतस्थळ पुढे तीन-चार हंगाम चालले. ज्या परदेशी कंपनीने जागा फुकट दिली होती, तिने एके दिवशी तो सगळा कारभारच गुंडाळला आणि जगभरच्या हजारो पानांबरोबर हेही गेले. तोवर हमीदभाईंचे डोळे अधू झाले होते. पाटी मात्र त्यांनी थांब्यावर लावणे सोडले नाही. आता पाने मी वाचून दाखवीत असे आणि ते ऐकत. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तर उशाशी लाल पेन्सिल. ‘काय करता तिचं?’ विचारले तर म्हणाले, “डॉक्टर सगळं छान आहे म्हणतात. कोणासाठी छान, ते विचारायचंय.” त्याला आता बरीच वर्षे झाली.

आता शेवटचे आणि सर्वांत मोठे वाक्य. ‘एकही वापरकर्ता मिळाला नाही.’ विलासचा हिशेब सरळ आहे. ज्याने घरी बसून बटण दाबले तो वापरकर्ता. वांगणीत तेव्हा वीजच दिवसातून काही तास असे, फोन नव्हता, वावर गावापासून पुढे रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. म्हणजे वापरकर्ता नाही. पण ज्या सोनीबाईने प्रश्न घडवला, ज्यांनी उत्तरे दिली, ज्यांनी ती ऐकली, ते सगळे कोण होते? प्रेक्षक?

मी वाद वाढवीत नाही. ज्या प्रतिमेत हमीदभाई मला आजही दिसतात, ती सांगतो आणि थांबतो.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी धुके उतरत असताना आम्ही दोघे वांगणीच्या फाट्यावर उभे होतो. ते आदल्या संध्याकाळी म्हणाले होते, “गुरुजी, तपासायला जायचंय,” आणि मला नाही म्हणता आले नव्हते. काशा आणि त्याचा भाऊ दोन दिवसांपूर्वीच साखरशेतच्या मुकादमाबरोबर निघून गेले होते, हे आम्हाला ठाऊक होते. बाकीच्या घरांचे ठाऊक नव्हते. सोनीबाईने सांगितले नव्हते. आम्ही विचारले नव्हते.

पेढेवाल्या मुकादमाचा ट्रक आला. आमच्या समोरच थांबला. त्याने भोंगा वाजवला. डोंगरात तो आवाज घुमून परत आला. पुन्हा वाजवला. दरवर्षी या आवाजावर पायवाटेने माणसे उतरत, डोक्यावर भांडी, कडेला मुले, शेवटी एखादी कोंबडी. मुकादम खाली उतरला, पायवाटेपर्यंत चालत गेला, हाका मारल्या. आम्हाला पाहून न पाहिल्यासारखे केले. घटकाभराने पुन्हा भोंगा.

मी हमीदभाईंकडे पाहिले. चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी वही काढली, काळी पेन्सिल घेतली आणि लिहिले. मी डोकावून वाचले: ‘साखरशेतवाला. होळीला विचारणे.’ कारण त्या दुसऱ्यालाही त्यांनी अजून चांगला म्हटले नव्हते. होळी आली, त्यांनी विचारले आणि काशाच्या घरी त्या वर्षी जी एक जागा मोकळी होती ती बापाची होती. हे मी शपथेवर सांगू शकतो, मी त्या घरी जेवलो आहे. पण प्रतिपक्षाला होळीपर्यंत ताटकळत ठेवायचे कारण नाही. त्याला त्या सकाळचीच वस्तुस्थिती पुरे आहे, आणि ती ज्याला खोडायची असेल त्याने खुशाल खोडावी.

वांगणीच्या फाट्यावरून तो ट्रक रिकामा गेला.